कुणाला उघड? हळद, कडुनिंब आणि नागभीडचा धान

आजचा भाग एका साध्या प्रश्नाने सुरू करू. हळदीची पूड आणि हळदीचा लेप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हसू नका. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासमोर हा प्रश्न अगदी गंभीरपणे मांडला गेला होता. एका बाजूला भारतातली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, आणि दुसऱ्या बाजूला मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले दोन संशोधक, सुमन दास आणि हरिहर कोहली. दोघेही भारतीय वंशाचे. ही गोष्ट आपण सगळ्यांनी 'हळदीघाटची दुसरी लढाई' म्हणून ऐकलेली असते. माशेलकर सर लढले, आपण जिंकलो, टाळ्या. पण त्या लढाईत नेमका वाद कशावर झाला, हे फारसं कुणी सांगत नाही. खरी मजा त्यातच आहे, आणि तिथून निघालेला रस्ता सरळ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत येतो. म्हणून आज तो धरून चालू.

आधी थोडा कायदा, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेटंट मिळायला वस्तू किंवा पद्धत नवी असावी लागते. पण नुसती नवी असून भागत नाही. काठीला लाल रंग दिला तर लाल काठी नवी झाली, तिला पेटंट देणार का? नाही. आधी जे ठाऊक होतं त्याच्या पुढे एक खरी पायरी चढलेली असली पाहिजे. त्या विषयातल्या जाणकाराला 'हे तर मीही केलं असतं' असं वाटेल अशी ती पायरी नसावी. कायद्याच्या मराठीत याला 'स्वयंस्पष्ट' वगैरे शब्द आहेत. मी आज 'उघड' म्हणणार आहे. हे उघड होतं का? आणि त्याच्या पाठोपाठ येणारा, माझ्या मते जास्त अवघड प्रश्न: कुणाला उघड?

अमेरिकेत हा विचार १८५१ सालच्या एका खटल्यापासून मोजतात. तो खटला होता दाराच्या मुठींचा. मुठी आधी धातूच्या, लाकडाच्या होत्या. कुणीतरी त्या चिनी मातीच्या केल्या आणि पेटंट घेतलं. न्यायालय म्हणालं की यात चांगल्या कारागिराच्या कसबापलीकडे काही नाही. १९५२ च्या कायद्यात ही कसोटी लिहून आली आणि १९६६ साली तिचा अर्थ लावण्याची वेळ आली तेव्हा समोर होता नांगर. खडकाळ जमिनीत दगडावर आपटून फाळ मोडू नये म्हणून केलेली एक पकड. पेटंटवाल्याने दोन भागांची जागा थोडी बदलली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी बघायला सांगितल्या: आधी काय काय ठाऊक होतं, त्यात आणि या दाव्यात फरक काय, आणि त्या धंद्यातल्या सर्वसाधारण जाणकाराची तयारी किती. या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर ठरवायचं की हे उघड होतं की नव्हतं. नांगराचं पेटंट गेलं.

आता हळद. दास आणि कोहली यांनी २८ डिसेंबर १९९३ ला अर्ज केला आणि २८ मार्च १९९५ ला त्यांना पेटंट मिळालं. दावा काय होता? जखम भरून यावी म्हणून रुग्णाला हळदीची पूड देणं. वरून लावून, पोटातून, किंवा दोन्ही. बस्स. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, वाढले मुंबईत. ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने पेटंटच्या पुनर्तपासणीची मागणी केली आणि सोबत बत्तीस पुरावे जोडले. संस्कृत, हिंदी, उर्दूतले संदर्भ, काही शंभर वर्षांहून जुने, आणि 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मधला १९५३ सालचा एक लेख.

इथे एक मिनिट थांबा. बत्तीस कागद का लागले? आपल्याकडे कुठल्याही घरात जाऊन विचारलं असतं तरी चाललं असतं ना? चाललं नसतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात एक मजेशीर भेद होता. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना ठाऊक असेल किंवा वापरात असेल, तर ती 'आधीचं ज्ञान' म्हणून धरली जाई. पण तीच गोष्ट अमेरिकेबाहेर ठाऊक असेल, तर ती छापील किंवा पेटंटमध्ये नोंदलेली असेल तरच धरायची. म्हणजे तत्त्वतः न्यू जर्सीतल्या लोकांचा उघड वापर पुरावा ठरू शकला असता, आणि धानोरा तालुक्यातल्या दहा हजार बायकांचा ठरला नसता. त्यातून पुनर्तपासणी तर फक्त छापील कागदांवरच होते. हा भेद २०१३ च्या मार्चपर्यंत टिकला. मला यात दुष्टपणापेक्षा आळस जास्त दिसतो. परदेशातला तोंडी पुरावा तपासायचा कसा, त्यापेक्षा नकोच. पण आळसाची किंमत कुणी मोजायची ते आधीच ठरून गेलेलं होतं.

तर कागद आले. आता पेटंटधारकांकडून युक्तिवाद आला तो हा: तुमच्या कागदांत हळदीचा लेप आहे, आमच्या दाव्यात पूड आहे. लेप आणि पूड यांचे भौतिक गुण वेगळे, शरीरात शोषलं जाणं वेगळं. लेपाने गुण येतो म्हणून पुडीनेही येईल अशी खात्री जाणकाराला वाटली नसती. आणि पोटातून घ्यायचे जे दाखले आहेत त्यात हळद मधासोबत आहे. मध स्वतःच जखमेवर चालतो, मग गुण हळदीचा कशावरून?

मला हा युक्तिवाद मूर्खपणाचा वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो. कायद्याच्या चौकटीत तो बरोबर जागी ठेवलेला आहे. 'नवं आहे का' या प्रश्नात तो एक फट शोधतो: हुबेहूब हेच आधी कुठे लिहिलंय दाखवा. पण 'उघड होतं का' या प्रश्नापुढे तो टिकत नाही. कारण जाणकार म्हणजे ज्याने हळद हाताळली आहे असा माणूस. लेप होतो कशाचा? पुडीत पाणी किंवा तेल घालून, नाहीतर हळकुंड सहाणेवर उगाळून. आणि कोरडी पूड जखमेवर पडली की जखमेच्या ओलीने तिचा लेपच होतो. फरक आहे, पण पायरी नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले, आणि एप्रिल १९९८ मध्ये त्याचं प्रमाणपत्र निघालं. आधीच्या संदर्भांतून दिसतंच आहे आणि उघडही आहे, असा तो निकाल.

हा जाणकार नावाचा माणूस जरा जवळून बघण्यासारखा आहे. तो खरा कुणी नसतो. कायद्याने घडवलेला पुतळा आहे. त्याने त्या विषयातलं जगभरातलं सगळं वाचलेलं असतं, कुठल्याही भाषेतलं, आणि ते सगळं त्याच्या लक्षात असतं. पण त्याला कल्पनाशक्ती नसते. नवीन काही सुचत नाही, फक्त सरावाचं काम चोख करतो. (असा माणूस गावात असता तर त्याला गुरुजी केलं असतं आणि कुणी त्याच्या वर्गात बसलं नसतं.) पेटंट तपासणारा स्वतःला त्याच्या जागी बसवतो आणि विचारतो, याला सुचलं असतं का?

युरोपात हे विचारण्याची एक शिस्तशीर रीत आहे. आधीच्या ज्ञानातलं सगळ्यात जवळचं काय ते उचलायचं. मग त्यात आणि दाव्यात फरक काय, त्या फरकाने कुठली अडचण सुटली ते पाहायचं. आणि मग विचारायचं: जाणकाराने ही अडचण सोडवताना हे केलं असतं का? 'करू शकला असता का' असं विचारायचं नाही. करू तर काय, माणूस काहीही शकतो. 'केलंच असतं का' असं विचारायचं. मराठीत हा फरक एका क्रियापदाचा आहे, पण म्युनिकमध्ये त्यावर कंपन्या उभ्या राहतात आणि पडतात.

आणि म्युनिकमध्येच कडुनिंबाचं प्रकरण झालं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी, यांना सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. दावा: झाडांवरची बुरशी आवरण्यासाठी कडुनिंबाच्या तेलाचं मिश्रण फवारायचं. तेल ०.१ ते १० टक्के, ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखा पदार्थ ०.००५ ते ५ टक्के, बाकी पाणी. १९९५ साली तिघांनी विरोध दाखल केला: युरोपीय संसदेतल्या हरित गटाकडून माग्दा आल्वूट, भारतातून वंदना शिवा यांची संस्था, आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ.

युरोपचा नियम अमेरिकेपेक्षा मोकळा. तिथे लिहिलेलं, बोललेलं, वापरलेलं, जगात कुठेही लोकांसमोर आलेलं असलं की ते आधीचं ज्ञान. म्हणजे साक्षीदार चालतो. आणि साक्षीदार गेला तो मराठी. पुण्याच्या एका कारखान्याचे अभय फडके. निंबोळीपासून अर्क आणि तेल काढून शेतीसाठी औषध करणं हा त्यांचा धंदा. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात शेतांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा पेटंट कार्यालयासमोर आला. ९ आणि १० मे २००० असे दोन दिवस सुनावणी झाली आणि १० मे रोजी पेटंट रद्द. अपील झालं, ते ८ मार्च २००५ ला फेटाळलं गेलं. नावीन्यावर वाद झाला, टक्केवारी बदलून दावे अरुंद करून पाहिले गेले, पण शोधाची पायरी काही दिसली नाही.

या निकालाच्या बातम्या 'आजीबाईच्या बटव्याचा विजय' अशा थाटात आल्या. मला ते पटत नाही. बटवा म्युनिकला गेला असता तर बहुधा हरून आला असता. आपल्या पूर्वजांना कडुनिंब ठाऊक होता हे सगळेच मान्य करत होते. पेटंटवाल्यांनीही ते नाकारलं नव्हतं. प्रश्न होता किती टक्के, कशात मिसळून, कुठल्या पिकावर, कुठल्या साली, कुणाच्या देखत. फडक्यांच्या साक्षीला वजन आलं कारण तिच्यात तारीख होती, जिल्हा होता, कृती होती. परंपरेच्या नावाने जिंकलेली ही लढाई एका उद्योजकाच्या हिशेबी आठवणीने जिंकली. हे कुणाला कमीपणाचं वाटू नये. पण ज्यांच्याकडे ज्ञान आहे आणि हिशेब नाही, त्यांचं काय, हा प्रश्न तिथे तसाच राहिला.

आता या. चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, नांदेड गाव. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, आमच्या धानाच्या पट्ट्यातलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच साली, १९८३ मध्ये, दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याला आपल्या बांधीत पटेल-३ वाणाच्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. पिवळसर. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. त्यांनी त्या लोंब्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध छोट्याशा वाफ्यात पेरल्या, जंगली जनावरांपासून कुंपण केलं. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला, उतारा जास्त. दरवर्षी निवडत, वाढवत नेलं. नव्वदच्या सुमाराला गावातल्या मोठ्या शेतकऱ्याने बियाणं घेतलं आणि तळोधीच्या बाजारात हा धान आला तेव्हा त्याला नावच नव्हतं. तेव्हा मनगटावर मिरवायचं घड्याळ म्हणजे एचएमटी. व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकलं. आज विदर्भ, छत्तीसगड, तेलंगण कुठेही एचएमटी तांदूळ मागा, दुकानदाराला विचारावं लागत नाही.

दादाजी सांगत त्याप्रमाणे १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राकडून पाच किलो बियाणं नेण्यात आलं. १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं असं की शेतकऱ्यांकडचा वाण भेसळीचा होता, आम्ही त्यातून निवड करून शुद्ध केला. दादाजींचं म्हणणं, माझं नाव कुठे आहे?

इथे मला कायदा बाजूला ठेवून आधी 'उघड' या शब्दाशी भांडायचं आहे. मी हे प्रकरण जाणत्या माणसांना सांगितलं की हमखास एक वाक्य येतं: "त्यात काय, वेगळ्या लोंब्या दिसल्या, ठेवल्या, पेरल्या. शेतकरी हजारो वर्षं हेच करत आले." खरं आहे. पद्धत उघड आहे, तिच्यावर कुणी पेटंट मागणार नाही. पण त्या तीन लोंब्यांतून काय निघेल हे पद्धतीत लिहिलेलं नव्हतं. पटेल-३ तेव्हा कितीतरी बांध्यांत उभा असेल. वेगळी लोंब दिसली की बहुतेक जण भेसळ म्हणून उपटतात, नाहीतर सगळ्यात मिसळून मळतात. जो जाणकार पुतळा मघाशी आपण उभा केला, त्याने ती लोंब जपून ठेवू शकली असती. ठेवलीच असती का? मी म्हणतो, नाही. एकदा भात ताटात वाढला गेला की मागे वळून सगळंच सोपं दिसतं. या पश्चात्बुद्धीला पेटंटचे तपासनीस फार घाबरतात, त्यांना शिकवतातच तसं. विद्वानांच्या शोधाबाबत आपण ही काळजी घेतो. शेतकऱ्याच्या शोधाबाबत 'त्यात काय' म्हणून मोकळे होतो.

आणि मग उलट बाजूने हीच कसोटी लावून बघा. भारतात 'उघड'चा पायाभूत निकाल १९७८ च्या डिसेंबरमधला आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा खटला. लेथवर भांडं फिरवून घासायचं, तेव्हा ते सुटून उडायचं, कामगाराला लागायचं. एकाने ते दुसऱ्या टोकाकडून टेकू देऊन दाबून धरायची सोय केली आणि पेटंट घेतलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की असा टेकू लेथला जुनाच आहे. कारखान्यात रोजच्या कामात होणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, त्याहून काही जास्त पाहिजे. आता सांगा: भेसळ काढून वाण एकसारखा करणं, हे भात संशोधन केंद्रातलं रोजचं काम आहे की नाही? उपयोगी काम आहे, शेतकऱ्याला शुद्ध बियाणं मिळतं, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण पायरी कुणी चढली आणि पायरी कुणी झाडली, एवढा भेद करायला काय हरकत होती?

अडचण अशी की ही कसोटी तिथे लागूच नव्हती. आपल्या पेटंट कायद्यात झाडं, बियाणं, वाण यांना पेटंट नाही. वाणांसाठी वेगळा कायदा झाला तो २००१ साली, पीकेव्ही-एचएमटीच्या नंतर. आणि त्या कायद्यात नव्या वाणासाठी 'उघड होतं का' हा प्रश्नच नाही. तिथे विचारतात: नवा आहे का, वेगळा ओळखू येतो का, एकसारखा आहे का, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो का. यातली 'एकसारखा' ही अट बघा. बांधीत नजरेने निवड करणाऱ्याला ती जड जाते, केंद्रात ओळी लावून मोजणाऱ्याला सोपी. शेतकऱ्याच्या वाणासाठी त्या कायद्यात वेगळी जागा ठेवली आहे, मूळ वाणापासून काढलेल्या वाणाचीही व्याख्या आहे, हे चांगलंच. पण दादाजींचं आयुष्य तोवर बरंच पुढे गेलं होतं. त्यांनी डीआरके, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपकरत्न असे आणखी वाण काढले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सन्मान झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, आणि उपचारासाठी मदत गोळा करावी लागली होती.

आता गडचिरोलीकडे वळतो, कारण पुढचा वाद तिथे होईल असं मला वाटतं.

समजा, आणि हे नुसतं समजाच आहे, उद्या कुणी दावा केला: मोहाच्या बियांचं तेल, अमुक टक्के साबण, पाणी, धानावर फवारा, तमुक किडीसाठी. आता तपासनीस जवळचं ज्ञान शोधणार. कडुनिंबाच्या तेलाचा फवारा त्याला लगेच सापडेल. मोहाचं तेल आमच्याकडे दिव्याला, खायला, अंगाला लागतं, हेही सापडेल. मग तो विचारेल, कडुनिंबाच्या जागी मोह घालावा असं जाणकाराला वाटलंच असतं का? आणि कुठलीतरी म्हातारी म्हणेल, आम्ही धानाला हेच मारत होतो. कधीपासून? किती? कशात मिसळून? कुणी पाहिलं?

सीएसआयआरने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा डिजिटल संग्रह उभा केला. त्यातल्या नोंदी इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानीत करून ठेवल्या, आणि २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालयाला तो बघता येतो. उत्तम काम. पण तो उभा आहे आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. माडिया आणि गोंडी ज्ञानाची पोथी नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांकडून झाडांबद्दल ऐकून 'गोईण' लिहिलं. मी ते पुस्तक लोकांना वाचायला देतो तेव्हा भाषेसाठी देतो, पण पेटंटच्या नजरेने त्याला आणखी एक अर्थ आहे: ते छापलं गेलं त्या दिवसापासून त्यातली प्रत्येक गोष्ट, अमेरिकेच्या जुन्या कडक नियमानेसुद्धा, आधीचं ज्ञान झाली.

मग सगळंच लिहून छापून टाकावं का? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. मेंढा-लेखासारख्या गावात तर त्याच्या आधीपासून अभ्यासगट आहेत, गावकरी स्वतः बसून जंगलाचा, मधमाश्यांचा अभ्यास करतात. पण पेच असा आहे: वही कुलपात ठेवली तर ती लोकांसमोर आलेली नाही, म्हणून म्युनिकमध्ये ती पुरावा नाही. आणि उघडी ठेवली तर पुरावा आहे, पण कुणीही वाचून, पुढची एक पायरी चढून, त्या पायरीवर पेटंट घेऊ शकतो, आणि ते कदाचित कायदेशीरही असेल. भारतातल्या साधनसंपत्तीवर वा ज्ञानावर आधारलेल्या शोधासाठी जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, पण ती मागितली गेली तर.

आपला कायदा इथे थोडा दयाळू आहे, निदान शब्दांत. पेटंट कायद्याच्या कलम २५ मध्ये विरोधासाठी एक कारण आहे: स्थानिक किंवा आदिवासी समाजात, तोंडी का होईना, हे ज्ञान आधीच उपलब्ध होतं. समाजात उपलब्ध असलं की पुरे, बाहेर छापलेलं नसलं तरी. पण कायद्याचे शब्द बारकाईने वाचा. हे कारण दावा आधीच ठाऊक होता असं म्हणायला आहे. थोडासा बदल करून दावा मांडला, लेपाची पूड केली, की 'उघड आहे' असं म्हणावं लागतं, आणि त्यासाठीच्या पोटकलमात 'प्रकाशित झालेलं' किंवा 'भारतात वापरात असलेलं' असे शब्द आहेत. म्हणजे नुसतं 'आम्हाला ठाऊक होतं' यापेक्षा 'आम्ही वापरत होतो' हे जास्त कामाचं. कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानाला, किंवा पारंपरिक घटकांच्या ठाऊक गुणांच्या नुसत्या बेरजेला, पेटंट नाही असंही म्हटलं आहे. पण 'ठाऊक गुण' दाखवायला पुन्हा पुरावाच लागतो.

म्हणून ग्रामसभेच्या पोरांना माझं सांगणं साधं असतं. वहीत 'अमुक झाडाची साल औषधी आहे' असं लिहून थांबू नका. कुणी, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती, कशात उकळून, कशासाठी वापरलं, आणि आज तारीख काय, ते लिहा. खाली सह्या घ्या, अंगठे चालतील. आणि काय उघडं ठेवायचं, काय नाही, हे ग्रामसभेत बसून ठरवा, वही करणाऱ्या संस्थेवर सोडू नका. मागे एका कार्यशाळेत मी हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, वापर लिहायचा म्हणता, पण वापरतच नसू आता, तर?" तिच्या घरी आजीनंतर ते कुणी करत नव्हतं. कायद्यात आधीच्या वापराला मुदत नाही, तेव्हा झालेला वापरही चालतो, एवढं मी तिला सांगितलं. आजी आहे का, असं विचारलं. होती. मग तिला म्हटलं, उन्हाळ्यात नको, पण पावसाआधी विचारून घे.

पुढच्या भागात बासमती. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला १९९७ मध्ये मिळालेलं पेटंट, आणि त्यातले कुठले दावे गेले, कुठले राहिले. तोवर या भागावर काही म्हणायचं असेल, विशेषतः सिंदेवाही-नागभीडकडच्या कुणाकडे त्या काळातल्या एचएमटी बियाण्याच्या पावत्या, वह्या असतील, तर जरूर कळवा. भेटू.